लेव्हल १२ ते १३-ए : एका स्थाननिश्चितीची फाईल

माझी असोसिएट प्रोफेसरपदाची स्थाननिश्चिती, म्हणजे ठरलेली सेवा आणि अटी पूर्ण झाल्यावर मिळणारी बढती, १२ जुलै २०२४ पासून मंजूर आहे. त्या श्रेणीतला पहिला पगार मात्र खात्यात आला तो सप्टेंबर २०२५ मध्ये. या दोन तारखांच्या मधे जे घडलं ते लिहून काढते आहे, कारण मी सुरुवात केली तेव्हा मला दोनच प्रकारची माहिती मिळत होती. एक म्हणजे, 'काही नसतं हो मॅडम, होऊन जातं.' दुसरी, 'आमचं वर्षानुवर्षं रखडलंय, तुमचं कसं होतंय ते बघा.' फाईल लावायला बसल्यावर या दोन्हींचा काडीचाही उपयोग होत नाही.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात. दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्याच्या गावातलं अनुदानित वरिष्ठ महाविद्यालय, विषय भूगोल, नेमणूक १२ जुलै २०१०. सेट (प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) आधीच झालेली होती, पीएच.डी. नोकरी सांभाळत २०१९ मध्ये पूर्ण झाली. नेमणुकीच्या वेळी पीएच.डी. नसल्यामुळे पहिला टप्पा सहा वर्षांनी मिळाला. एम.फिल. असती तर पाच वर्षांनी, पीएच.डी. असती तर चारच वर्षांनी मिळाला असता. दुसरा टप्पा त्यानंतर पाच वर्षांनी, म्हणजे जुलै २०२१ मध्ये. तिथून तीन वर्षं झाली की वेतनाच्या लेव्हल १२ मधून १३-ए, आणि पाटीवर असिस्टंटच्या जागी असोसिएट.

ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांनी दोन कागद छापून कपाटात ठेवावेत. युजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) १८ जुलै २०१८ चे विनियम आणि आपल्या राज्याचा ८ मार्च २०१९ चा शासन निर्णय. पानं बरीच आहेत, भाषा रुक्ष आहे, पण आपल्या कामाचा भाग चार-पाच पानांत संपतो. स्टाफरूममधली निम्मी भांडणं हे कागद न वाचता झालेली असतात. 'कॉलेजला पण रिसर्च स्कोअर लागतो', असं मला तिघांनी ठामपणे सांगितलं होतं. नाही लागत. कॉलेजात शिकवणाऱ्याला असोसिएट होताना पीएच.डी. हवी, ठरलेल्या मुदतीतला एक कोर्स हवा, तीनपैकी किमान दोन वर्षांचं मूल्यमापन 'समाधानकारक' किंवा 'चांगले' हवं, आणि निवड समितीची शिफारस हवी. संशोधनाचे गुण विद्यापीठाच्या विभागांत शिकवणाऱ्यांना या टप्प्यावर लागतात; आपल्याला ते पुढे प्रोफेसर होताना. तिथे १० शोधनिबंध आणि ११० गुणांची अट आहे, पण तो आजचा प्रश्न नव्हे.

सगळ्यात महत्त्वाचं कलम तारखेचं आहे. किमान सेवा पूर्ण झाल्यावर लगेच अर्ज केला आणि समितीने शिफारस केली, तर मुलाखत कितीही उशिरा होवो, बढती पात्रतेच्या तारखेपासून मिळते. पण एखादी अट त्या तारखेनंतर पूर्ण झाली, समजा कोर्स दोन महिने उशिरा झाला, तर बढतीची तारीखही तेवढीच पुढे सरकते. आणि पहिल्या वेळी समितीने नाकारून पुढच्या वेळी घेतलं, तर तारीख त्या पुढच्या वेळेची. अर्ज पात्रतेच्या तारखेच्या आधी तीन महिन्यांपर्यंत देता येतो. म्हणून मला १२ जुलैच्या आधी दोनच गोष्टी काहीही करून हव्या होत्या: कोर्सचं प्रमाणपत्र आणि अर्जाची पोच. बाकी सगळं नंतर मागेपुढे होऊ शकतं.

कोर्सपासून सुरुवात केली. हे कोर्स घेणारी पूर्वीची अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं, मग एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्रं), आणि सप्टेंबर २०२३ पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं. पाटी बदलली, मूळ काम तेच. पुणे, मुंबई, नागपूर अशा विद्यापीठांची स्वतःची केंद्रं आहेत, पण कोर्स ऑनलाइन असेल तर केंद्र कुठलंही चालतं. माझ्या गटात आसामपासून केरळपर्यंतची मंडळी होती. या कोर्सच्या घोषणा फिरतात व्हॉट्सअॅपवर, आणि बऱ्याचदा जागा भरल्यानंतर. तेव्हा ग्रुपची वाट न बघता मिशनच्या पोर्टलवर खातं काढून दर आठवड्याला स्वतः यादी बघायची सवय लावा. नोंदणीला प्राचार्यांच्या सहीचं ना-हरकत पत्र अपलोड करावं लागतं. प्राचार्य मुंबईला मीटिंगला गेलेले आणि नोंदणी रात्री बारा वाजता बंद होणार, हा प्रसंग ज्याच्यावर आला नाही असा प्राध्यापक मला अजून भेटलेला नाही. कोऱ्या तारखेचं पत्र आधी सही करून ठेवणारे प्राचार्य असतील तर नशीबवान आहात. आमचे नाहीत, आणि खरं तर त्यांचंच बरोबर आहे.

एक खाचखळगा इथेच सांगते. त्याच पोर्टलवर नव्या शैक्षणिक धोरणाचा आठवड्याभराचा ओळख कार्यक्रमही असतो. तो चांगला आहे, पण या टप्प्याला दोन आठवड्यांचा कोर्स लागतो. एका आठवड्याचे दोन कोर्स मिळून एक धरता येतो, तसं विनियमांतच म्हटलं आहे. फक्त एकच करून 'झालं माझं' म्हणून बसलेले लोक मी पाहिले आहेत. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचा आपल्या विषयाचा कोर्स परीक्षेसह पूर्ण केला तरी चालतो, पण परीक्षेचा निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नसतं आणि आपल्याला तर तारीख गाठायची असते.

मला जानेवारी २०२४ मध्ये भूगोल-पर्यावरण असा मिश्र विषयांचा रिफ्रेशर कोर्स मिळाला. रोज दीड-दीड तासाची चार सत्रं, कॅमेरा चालू, प्रत्येक सत्राला गुगल फॉर्मवर हजेरी, शेवटी चाचणी आणि छोटं सादरीकरण. काही व्याख्यानं खरोखर सुरेख झाली. एका बाईंनी उपग्रहाच्या जुन्या-नव्या प्रतिमा शेजारी ठेवून एका नदीचं पात्र कसं सरकत गेलं ते दाखवलं. ते मी आता तिसऱ्या वर्षाच्या वर्गात वापरते. काही व्याख्यानं मात्र अशी की वक्त्यालाच कॅमेरा बंद करावासा वाटत असावा. गावात दुपारी लोडशेडिंग असायचं, म्हणून शेजारच्या इन्व्हर्टरवर राऊटर लावून बसले. कर्तव्य रजेचा आदेश आधी घेतला होता आणि कोर्स संपल्यावर तो सेवापुस्तकात नोंदवून घेतला. ही नोंद विसरू नका. पुढे ती कोण मागेल सांगता येत नाही.

मग फाईल.

यासाठी मला शहाणपण शिकवलं ते आमच्या ऑफिसमधल्या भाऊसाहेबांनी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला हा माणूस, कॉलेजातल्या निम्म्या प्राध्यापकांच्या स्थाननिश्चित्या त्यांच्या टेबलावरून गेलेल्या. मार्चमधल्या एका दुपारी मी कागदांचा गठ्ठा घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. नेमणुकीचा आदेश, बरोबर. विद्यापीठाची नेमणुकीला मान्यता, बरोबर. पुढे सेटचं प्रमाणपत्र. तिथे ते थांबले.

'मॅडम, इथं तुमचं नाव माहेरचं.'

'हो, लग्नाआधीचं आहे ते.'

'पीएच.डी.वर सासरचं. आणि मधे राजपत्र कुठाय?'

राजपत्र होतं, पण फाईलच्या शेवटी. त्यांनी ते उचलून सेटच्या मागे ठेवलं आणि म्हणाले, 'वाचणाऱ्याला जिथं प्रश्न पडतो, तिथंच उत्तर पाहिजे. तो शेवटापर्यंत जात नाही, त्रुटी काढून मोकळा होतो.' पुढचा सगळा दीड तास याच नियमाने गेला. आधीच्या दोन्ही स्थाननिश्चितीचे आदेश, त्यांच्यामागे त्या-त्या वेळची वेतननिश्चिती. पीएच.डी.ची अधिसूचना आणि त्यामागे पदवी. जात वैधता प्रमाणपत्र. प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने आकडा, सगळं ठरल्यावर शाईने. वर अनुक्रमणिका. मी अनुक्रमणिका संगणकावर करून आणली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, 'आधी पानं लावा, मग ती करा. उलटं केलं की आकडे चुकतात.'

मूल्यमापनाची तीन वर्षं म्हणजे २०२१-२२, २०२२-२३ आणि २०२३-२४. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर अध्यापन 'चांगले', ७० ते ८० च्या मधे 'समाधानकारक', त्याखाली काही नाही. हे वाचायला सोपं आहे. पण २०२१-२२ मध्ये ऑक्टोबरपर्यंत वर्ग ऑनलाइनच होते, आणि ऑनलाइन तासांचा पुरावा काय? माझ्याकडे गुगल मीटच्या हजेरीच्या याद्या होत्या, कारण मुलं अर्ध्यातून पळतात म्हणून मी त्या वेळी हट्टाने उतरवून घ्यायचे. त्या याद्या वेळापत्रकाशी जुळवून महिनावार तक्ता केला आणि विभागप्रमुखांची सही घेतली. ज्यांच्याकडे याद्या नव्हत्या त्यांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या लिंकांचे स्क्रीनशॉट लावले; तेही चालले. भूगोलवाल्यांनी प्रात्यक्षिकांचे तास वेगळे दाखवावेत. वेळापत्रकात एक आणि कार्यभाराच्या तक्त्यात दुसरंच असं असेल तर आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) टेबलावरच अडकायला होतं.

दुसरा भाग उपक्रमांचा. प्रशासकीय जबाबदाऱ्या, परीक्षा व मूल्यमापनाचं काम, विद्यार्थ्यांचे सहशालेय आणि विस्तार उपक्रम, चर्चासत्रांचं आयोजन, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शन, संशोधन प्रकल्प, प्रकाशित शोधनिबंध. यांपैकी किमान तीनांत सहभाग असेल तर 'चांगले'. कॉलेजात काम करणाऱ्या कुणालाही हे जड नाही. जड आहे ते सिद्ध करणं. मी तीन वर्षं मेंटॉर म्हणून वीस-बावीस मुलांचा गट सांभाळत होते. कुणाची शिष्यवृत्ती अडकलेली, कुणाचं लग्न ठरवायला घरचे बसलेले, कुणाला रेल्वेची परीक्षा द्यायची. त्या सगळ्या धावपळीचा कागदावर उरलेला पुरावा म्हणजे मेंटॉर नेमल्याचं एक पत्र आणि भेटींच्या नोंदवहीची झेरॉक्स. पत्र नसेल तर काम झालेलंच नाही, असा हा हिशोब आहे. तेव्हा कुठल्याही समितीवर तोंडी नेमणूक स्वीकारू नका. 'सर, तेवढं पत्र काढा ना', असं हसत म्हणा, पण म्हणा. वर्ष संपलं की त्या वर्षाची पत्रं एका पाकिटात घालून वर साल लिहिलं की पुढे मार्च महिना सुखाचा जातो.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात अर्ज दिला. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतली, तिचा फोटो काढला, मूळ प्रत घरी ठेवली. खर्चाचं म्हणाल तर एकूण चार प्रती लागल्या: कॉलेज, विद्यापीठ, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय आणि आपली. प्रत्येक प्रत दोनशे पानांच्या घरातली. झेरॉक्स आणि स्पायरलला मिळून अडीच हजारांच्या आसपास गेले. स्पायरल शेवटपर्यंत करू नका, असा माझा सल्ला आहे. फाईल किमान एकदा तरी उसवावी लागतेच.

आयक्यूएसीची पडताळणी जूनमध्ये झाली. आमचे समन्वयक रसायनशास्त्राचे, स्वभावाने काटेकोर. त्यांनी २०२२-२३ चा एक उपक्रम काढून टाकला, कारण अहवालावर तारीख नव्हती. उरलेल्यांत भागलं. प्राचार्यांचं शिफारसपत्र, संस्थेचा ठराव, आणि प्रस्ताव विद्यापीठाकडे गेला तो ऑगस्टमध्ये.

यानंतरचा काळ खरा कठीण, कारण त्यात करण्यासारखं काही नसतं. विद्यापीठाने विषयतज्ज्ञांची आणि कुलगुरूंच्या प्रतिनिधींची नावं द्यायची, शासनाचा प्रतिनिधी ठरायचा, मग संस्थेने सगळ्यांच्या सोयीची एक तारीख काढायची. एका विषयाचा एकच उमेदवार असला की तज्ज्ञ मिळायला वेळ लागतो. मराठी-इतिहासवाल्यांना एका दिवसात चार-चार उमेदवार उरकता येतात. आमच्या प्रस्तावाला सप्टेंबरमध्ये त्रुटीपत्र आलं. त्रुटी होती, 'पीएच.डी. संबंधित विषयातील असल्याबाबत खुलासा'. माझा प्रबंध आठवडी बाजारांवर. भूगोल विषयात नोंदलेला, भूगोलाच्या मार्गदर्शकांकडे केलेला. पण शीर्षकात 'बाजार' शब्द आहे, तर वाणिज्य का नाही, असं कुणाला तरी वाटलं. मार्गदर्शकांचं पत्र आणि नोंदणीचं मान्यतापत्र जोडून आठवड्यात उत्तर पाठवलं. राग आला होता, पण उत्तरात तो दिसू दिला नाही. त्रुटीच्या उत्तराला युक्तिवाद लागत नाही, पान क्रमांक लागतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि सगळंच थांबलं. आचारसंहितेत मुलाखत घेता येते की नाही यावर प्रत्येक कार्यालयाचं मत वेगळं होतं, आणि कुणालाच ते लिहून द्यायचं नव्हतं. तोवर आमचीच नावं मतदान केंद्राध्यक्षांच्या यादीत लागली. २० नोव्हेंबरला मी एका वस्तीवरच्या झेडपी शाळेत यंत्र सील करत होते. डिसेंबर परीक्षांत गेला.

६ जानेवारी २०२५ ला युजीसीने नव्या विनियमांचा मसुदा जाहीर केला आणि स्टाफरूममध्ये धावपळ उडाली. गुणांची पद्धत जाऊन नऊ 'लक्षणीय योगदानां'पैकी चार दाखवायची, वगैरे. ज्यांच्या मुलाखती बाकी होत्या त्यांना वाटलं, आता सगळं नव्याने करावं लागणार. मसुदा म्हणजे नियम नव्हे, आणि पात्रतेची तारीख ज्या नियमांखाली येते तेच नियम लागतात, हे मी स्वतःला रोज एकदा सांगत होते. पुढच्याच महिन्यात युजीसीने केअर यादी (मान्य संशोधन नियतकालिकांची) बंद केल्याचं जाहीर झालं. आता केअरमधला माझा शोधनिबंध धरतील का? निबंध छापला गेला तेव्हा नियतकालिक यादीत होतं, त्या दिवसाचं संकेतस्थळाचं पान मी छापून ठेवलं होतं. तेच निबंधाच्या मागे लावून टाकलं. केअर गेली तरी तुमच्या जुन्या निबंधांसाठी हा पुरावा जवळ असू द्या.

मुलाखतीची तारीख मिळाली फेब्रुवारीच्या अखेरीची. तीन दिवस आधी.

समितीचा प्रवासखर्च, मानधन, जेवण हे संस्थेने करायचं असतं असं मी मानते. बऱ्याच ठिकाणी ते उमेदवारांकडून 'वर्गणी' म्हणून घेतलं जातं, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. मला किती द्यावे लागले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की पावती मागितली, आणि मिळाली नाही. नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगते, म्हणजे ऐन दिवशी धक्का बसत नाही. आणि संघटनेच्या बैठकीत हा विषय काढणाऱ्यांत एक नाव वाढतं.

मुलाखत संस्थेच्या मुख्य कार्यालयात होती. लांब टेबलाच्या एका बाजूला संस्थेचे प्रतिनिधी, प्राचार्य, विद्यापीठाचे दोघे, शासनाचे प्रतिनिधी आणि दोन विषयतज्ज्ञ. माझी फाईल त्यांच्यासमोर, अनुक्रमणिकेचं पान वर. सुरुवातीची दहा मिनिटं ते फक्त पानं उलटत होते आणि मी खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत होते. मग एका तज्ज्ञांनी विचारलं, 'तुमच्या प्रबंधातला कुठला भाग तुम्ही वर्गात शिकवता?' याची मी तयारी केली नव्हती, पण उत्तर होतं. दुसऱ्या वर्षाला क्रिस्टॅलरचा मध्यवर्ती स्थान सिद्धान्त आहे, बाजाराची गावं षटकोनी जाळ्यात कशी पसरतात ते सांगणारा. मी मुलांना नकाशावर आपल्या तालुक्यातल्या बाजाराच्या गावांना वार लिहायला लावते: सोमवार, मंगळवार, गुरुवार. शेजारच्या दोन गावांचा वार सहसा एक नसतो, कारण व्यापारी तेच असतात. षटकोन पाठ करण्यापेक्षा हे त्यांच्या लक्षात राहतं. तज्ज्ञांनी विचारलं, एकच वार असलेली शेजारची गावं सापडली का? सापडली होती, एक जोडी. मधे घाट आहे. ते हसले आणि म्हणाले, 'घाट सांगितलात, बरं झालं.'

दुसऱ्या तज्ज्ञांनी नव्या धोरणातल्या क्षेत्रभेटींच्या श्रेयांकांवर एक प्रश्न विचारला. शासनाच्या प्रतिनिधींनी कोर्सच्या तारखा आणि पात्रतेची तारीख दोनदा ताडून पाहिली. पंचवीसेक मिनिटांत बाहेर. संध्याकाळी प्राचार्यांनी फक्त मान हलवली. अहवाल गोपनीय असतो म्हणे, पण चहा पाजला.

विद्यापीठाचं मान्यतापत्र एप्रिलच्या शेवटी आलं. त्यावरची तारीख मी आधी पाहिली, नाव नंतर: १२ जुलै २०२४. संस्थेचा स्थाननिश्चिती आदेश मेमध्ये निघाला आणि फाईलचा दुसरा जन्म सुरू झाला, सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चितीसाठी.

वेतननिश्चितीचं गणित आधी स्वतः करून बघा, म्हणजे कुणी काही सांगितलं तर समजतं. सध्याच्या लेव्हलमध्ये एक काल्पनिक वेतनवाढ द्यायची आणि येणारा आकडा नव्या लेव्हलमध्ये शोधायचा. सापडला तर तो, नाही तर त्याच्या वरचा. जुलैच्या वेतनवाढीनंतर माझं मूळ वेतन ९२,५०० होतं. एक वेतनवाढ मिळवली की ९५,३००. हा आकडा १३-ए मध्ये नाहीच, कारण ती लेव्हल सुरूच होते १,३१,४०० पासून. म्हणून थेट १,३१,४००. लेव्हल १२ ते १३-ए हा टप्पा रखडला की माणसं कासावीस का होतात, ते या उडीवरून कळेल. माझ्याबरोबर बसलेल्या एका सरांची पात्रता २०२२ ची होती. दर महिन्याला किती जातंय याचा त्यांचा आकडा तोंडपाठ होता.

तिथे लागलेले कागद: मूळ सेवापुस्तक, आदेश, मान्यतापत्र, निवड समितीचा अहवाल, वेतननिश्चितीचं विवरणपत्र आणि जादा रक्कम गेली तर वसूल करायला हरकत नाही, असं हमीपत्र. हमीपत्र पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर करून आणा, असं कुणीतरी सांगितलं होतं, कारण ऑक्टोबर २०२४ पासून शंभरचा चालत नाही. मी आधी विचारायला गेले, तर टेबलावरच्या बाई म्हणाल्या, 'साध्या कागदावर लिहून द्या हो, कशाला पैसे घालवता.' प्रत्येक कार्यालयाची रीत वेगळी असू शकते, तेव्हा स्टॅम्प विकत घेण्याआधी एक फोन करा. सेवापुस्तक टपालाने पाठवू नका. हाताने न्या, पोच घ्या, हाताने आणा. न्यायच्या आधी त्याच्या प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवा.

जूनमध्ये फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली आणि तिथल्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब रुजू होईपर्यंत जुलै उजाडला. फोन उचलला जात नाही, आणि प्रत्यक्ष गेलं की 'पुढच्या आठवड्यात या'. या काळात मला कामाला आली ती गोष्ट म्हणजे वही. कुठल्या तारखेला कुणाला भेटले, काय सांगितलं, फाईलचा आवक क्रमांक काय. ती उघडून 'तुम्ही ८ तारखेला असं म्हणाला होता' असं शांतपणे वाचून दाखवलं की समोरचा माणूस निदान कपाट तरी उघडतो. आवाज चढवणाऱ्यांचं काम लवकर झालेलं मी तिथे पाहिलं नाही. ऑगस्टमध्ये वेतननिश्चितीवर सही-शिक्का झाला, सेवापुस्तकात नोंद झाली, सेवार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत लेव्हल बदलली आणि सप्टेंबरमध्ये पगार नव्या आकड्याने आला.

फरकाची रक्कम वेगळी असते, आणि ती अनुदान उपलब्ध होईल तशी मिळते. त्यासाठी कॉलेजकडून महिनावार फरकाचा तक्ता करून घ्या: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचं एनपीएसचं (राष्ट्रीय पेन्शन योजनेचं) १० टक्के अंशदान. महागाई भत्ता मधेच बदललेला असतो, ते महिने नीट बघा. आमच्या तक्त्यात दोन महिने जुन्याच दराने लागले होते आणि ते भाऊसाहेबांच्या लाल पेनाने धरले.

फरक हातात पडेल त्या आर्थिक वर्षात आयकराचा मोठा घास जातो. त्यातला मागच्या वर्षाचा भाग १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८९ खाली सवलतीत बसतो, पण त्यासाठी विवरणपत्र भरण्याआधी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म १०-ई भरावा लागतो. आधी विवरणपत्र आणि मग फॉर्म असं केलं की सवलत नाकारल्याची नोटीस येते. कॉलेजच्या ऑफिसला हा फॉर्म भरायची सवय नसते, तेव्हा तक्ता हातात आला की तो स्वतः भरा किंवा सीएकडे द्या. माझा फरक यायचा आहे. तक्ता मंजूर होऊन गेला आहे.